एक 'ट' जास्त

ओस्लोतले दोन दिवस नीट पार पडले असते, तर योरुनच्या पदरात बरंच काही पडायचं होतं. डोंगरातलं बासष्ट चौरस मीटरचं लाकडी घर, त्याच्या छपरावरचं गवत, मागचा वेगळा संडास आणि तळ्यातल्या होडीचा अर्धा हिस्सा. तिच्या भावाच्या अंदाजाने एकूण पंचवीस लाख क्रोनर. शिवाय हे घर वेंकेला मिळणार नाही, हा आनंद. योरुन माझी बायको आहे, म्हणून खात्रीने सांगतो, तिच्या लेखी दुसरी रक्कम मोठी होती.

वेंके म्हणजे तिची भावजय, स्टाइनारची बायको. बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्याच लग्नात ती म्हणाली होती, "तुमच्याकडे केकचे तुकडे मोजून कापतात वाटतं?" आम्ही पश्चिम किनाऱ्यावरची, सुनमोरे भागातली माणसं चिक्कू म्हणून देशभर बदनाम आहोत. केकचे तुकडे खरंच मोजलेले होते आणि मोजणारी योरुन होती. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात, आणि आमच्याकडे पाण्याला तोटा नाही.

सासूबाईंचं नाव माय-लीस. माहेर स्वीडनमध्ये, वेर्मलांडला. चोविसाव्या वर्षी लग्न करून त्या डोंगर ओलांडून आमच्या सिक्किल्वेनला आल्या आणि एक्कावन्न वर्षं इथंच राहिल्या. सासरे पेडर यांना जाऊन तीन वर्षं झाली. सप्टेंबरात सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. ऑगस्टमध्ये त्यांनी दोन्ही मुलांना एकच निरोप फोनवर लिहून पाठवला:

"जेवणावळ नको, भाषणं नकोत. शुक्रवार ते रविवार मला ओस्लोला न्या. डोंगरातल्या घराचं काय करायचं ते तिथंच सांगते. अट एकच, सगळं रूलिग्ट असावं."

आता या शब्दाचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तोटा त्याच्यामुळे झाला. रूलिग हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि लिहायलाही सारखाच आहे. आमच्या नॉर्वेत त्याचा अर्थ शांत, निवांत. स्वीडनमध्ये त्याचा अर्थ मजेचं, धमाल. फक्त अशा वाक्यात लिहिताना स्वीडिश माणूस शेवटी एक 'ट' लावतो, आम्ही लावत नाही. सासूबाईंच्या निरोपात 'ट' होता.

मी आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात हिशेब लिहिले. जास्तीचं अक्षर मला जास्तीच्या शून्यासारखं टोचतं. मी योरुनला म्हटलं, "शेवटी एक 'ट' आहे बघ. एकदा फोन करून विचार ना."

"आईच्या बोटांना संधिवात आहे," योरुन म्हणाली. "बाजूचं बटण दाबलं गेलं असेल. आणि माझ्या आईला काय हवं, हे मी फोन करून विचारू? वेंकेला हसायला आयतं कारण."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी मनात दोन्ही अर्थांचा खर्च काढला होता. शांततेचा खर्च सहा हजारांनी कमी येत होता.

पुढच्या रविवारी स्टाइनार आणि वेंके आमच्याकडे कॉफीला आले. योरुनने वॅफल्स केली होती. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तासातासाचा तक्ता होता.

"हॉटेल शहरात नाही, वर टेकडीवर," ती म्हणाली. "मागे जंगल. जिन्यातसुद्धा बोलायचं नाही असा नियम आहे."

"जिन्यात कोण बोलतं?" स्टाइनार म्हणाला.

"तू बोलतोस. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये ऑर्गनवादन, फुकट. शनिवारी सकाळी वनस्पतींची बाग, तीही फुकट. दुपारी बंदरावरचं सॉना, आपण निवडलंय ते गप्प बसायचं. जेवण पाच वाजता. आठला खोलीत."

"पाच वाजता?"

"पाचला जेवलं की माणशी सहाशे क्रोनर वाचतात. दुपारचे डबे इथूनच नेऊ. ब्रेड, तपकिरी चीज, मध्ये मेणकागद. थर्मास दोन."

वेंके आतापर्यंत वॅफलवर जॅम पसरत होती. ती कोंग्सविंगरची आहे, स्वीडनची सीमा तिथून अर्ध्या तासावर. तिची आजीच स्वीडिश होती. तिने विचारलं, "आईंचा निरोप पुन्हा दाखव जरा. माझ्या फोनवरचा पुसला गेला."

योरुनने दाखवला. वेंकेने वाचला. शेवटच्या शब्दावर तिची नजर किंचित जास्त थांबली. वॅफलचा घास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच. मग तिने फोन परत दिला.

"छान केलंयस," ती म्हणाली. "अगदी शांत आहे सगळं."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"म्हणायचं काय? तू त्यांची मुलगी. तुला नाही कळणार तर कुणाला? सगळं तूच ठरव, योरुन. आम्ही मध्ये पडत नाही. आमचा निम्मा हिस्सा देऊ, शेवटच्या क्रोनरपर्यंत."

बावीस वर्षांत वेंके पहिल्यांदा गोड बोलली होती. माल खराब असल्याशिवाय कुणी एवढी सूट देत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलंही. पण सहा हजार क्रोनर माझ्या डोक्यातून गेले नव्हते.

ते गेल्यावर योरुन भांडी विसळत म्हणाली, "पाहिलंस? हरली ती."

ठरलेल्या शुक्रवारी सासूबाई ओलेसुंदच्या विमानतळावर आल्या, त्या लाल कोटात. हा कोट आम्ही कुणी पाहिला नव्हता. केस कापून घेतले होते. पायात पट्ट्याचे, थोड्या टाचेचे बूट.

"या बुटांनी पाय दुखतील आई," योरुन म्हणाली.

"दुखू देत. पाय त्यासाठीच असतात."

ओस्लोला उतरल्यावर आम्ही महागडी जलद गाडी सोडली आणि साधी गाडी धरली. चार मिनिटं उशिरा पोचते, निम्म्या पैशांत. गाडीत डबे उघडले. सासूबाईंनी मेणकागद उलगडला, चीजकडे पाहिलं आणि विचारलं, "रात्रीला काय आहे?"

"ऑर्गन," योरुन म्हणाली.

सासूबाईंना वाटलं थट्टा आहे. त्या हसल्या.

चर्चमध्ये आम्ही पाच, पुढे दोन जर्मन, आणि एक माणूस झोपलेला. तासाभराचं ते वादन होतं. सासूबाई मान न हलवता बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पेडरच्या अंत्यविधीला यापेक्षा बरं वाजवलं होतं."

"आवडलं ना?" योरुन म्हणाली. वेंकेने रुमालाने तोंड पुसलं, पुसायला काही नव्हतं तरी.

शनिवारी सकाळी बागेत पाट्या वाचल्या. प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव. दुपारी बंदरावर तरंगत्या सॉनामध्ये एका बाकावर पाचजण घामाने निथळत अर्धा तास मुक्याने बसलो. पलीकडच्या सॉनातली पोरं किंचाळत पाण्यात उड्या मारत होती. सासूबाई खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

तिथून चालत निघालो, तेव्हा धक्क्यावरच्या एका लाकडी इमारतीतून अॅकॉर्डियन आणि ड्रम ऐकू आले. दारात सत्तरीचे दोन पुरुष इस्त्रीच्या शर्टात उभे होते. आत वादक वाद्यं जुळवत होते. सासूबाई थबकल्या.

"इथं काय असतं?"

"गोंगाट," योरुन म्हणाली. "काळजी करू नकोस. आपलं हॉटेल पार वर आहे, तिथं काही ऐकू येत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. पुढे पाच मिनिटं कुणी बोललं नाही. योरुन मात्र समाधानाने चालत होती. शांतता तिला आयतीच मिळत होती.

पाच वाजता आम्ही जेवायला बसलो. उपाहारगृहात दुसरं कुणी नव्हतं, वाढणारी मुलगी अजून खुर्च्या खाली काढत होती. कॉड मासा आला, बटाटे आले. स्टाइनारने वाइनचे भाव वाचले आणि पाणी मागवलं.

योरुनने हातातला काटा ठेवला. "आई, तू घराचं सांगणार होतीस."

"हो. पण आधी मला सांग, हे असं का?"

"असं म्हणजे?"

"ऑर्गन, झाडं, तोंड बंद ठेवून घाम गाळणं, आणि दुपारच्या पाचला रात्रीचं जेवण. माझं काय चुकलं होतं?"

योरुनचा चेहरा उतरला. "तूच तर लिहिलं होतंस. रूलिग हवं."

"हो, लिहिलं होतं. रूलिग्ट. 'ट' लावून."

"तो... तो 'ट' खरा होता?"

सासूबाई हसल्या. ऑर्गनवादनानंतरचं पहिलं हसू, आणि ते कुणालाच बरं वाटलं नाही.

"तुझा बाप मला मागणी घालायला आला होता, सुन्नेला, माझ्या माहेरी," त्या म्हणाल्या. "मी दर शनिवारी नाचायची. बागेत मांडव असायचा, बँड असायचा, घरी यायला पहाट व्हायची. मी त्याला एकच विचारलं, तुमच्याकडे रूलिग्ट आहे का? तो म्हणाला, फार. आमच्याइतकं कुठंच नाही. मी त्या एका शब्दावर लग्न केलं. इथं आले तर प्रार्थनाघर. नाच पाप, पत्ते पाप, शिटी वाजवली तरी शेजारी पडदा बाजूला करायचे. पेडर खोटं बोलला नव्हता. मीही नाही. त्याला दुसरा अर्थ माहीत झाला तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले. तो माझ्यासाठी डोंगरात घर बांधायला निघाला. आणखी शांत जागी."

योरुन बशीकडे बघत राहिली. मला तिची कीव आली, आणि आत कुठंतरी आपले सहा हजारही आठवले.

नेमक्या त्या क्षणी वेंकेने पर्स उघडली. मी तिला ओळखतो, ती संधी वाया घालवत नाही.

"आई," ती म्हणाली, "मी आपलं एक टेबल धरून ठेवलंय. धक्क्यावर मघाशी तुम्ही थांबलात ना, तिथंच. सहापासून बँड आहे, स्वीडिश. पाच जणांचं आहे. म्हटलं, असू दे हाताशी."

योरुनने मान वर केली. स्टाइनारनेही. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गुणाची गं," सासूबाई म्हणाल्या. "कधी धरलंस?"

"झाले तीन आठवडे. जागा मिळत नाही तिथं."

"म्हणजे वॅफल खाल्लीस त्या रविवारी."

वेंकेचा हात पर्समध्येच राहिला.

"मी काय म्हणाले ते तुला तीन आठवडे माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "हिला सांगितलं असतंस तर माझे दोन दिवस वाचले असते. पण मग हिची फजिती झाली नसती."

"मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, आई. ती मुलगी, तिला..."

"तिला मी कळत नाही. तुला कळते, आणि तू मला दोन दिवस कुजवलंस. यातलं जास्त काय लागतं, ते मी अजून ठरवलेलं नाही."

"निदान मी मुद्दाम नाही केलं," योरुन म्हणाली.

"तू स्वस्तात केलंस," वेंके म्हणाली. "अर्थ तुला परवडणारा निवडलास."

"आणि तू माझ्या आईच्या वाढदिवसाचा गळ केलास."

"बायांनो, लोक बघतायत," स्टाइनार म्हणाला. लोक म्हणजे ती वाढणारी मुलगी.

सासूबाईंनी कोट घातला. "घराचं सांगते आणि जाते. ते मी विकलं. ओलेसुंदच्या दातांच्या डॉक्टरला, सत्तावीस लाखांना. त्याला शांतता हवी आहे. मी सुन्नेत बहिणीच्या खालचा मजला घेतलाय, ऑक्टोबरपासून. ही सहल छान झाली असती, तर उरलेल्यातून तुम्हा दोघांना काही देण्याचा विचार होता."

त्या दाराकडे वळल्या, मग थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आर्विद, चल. मला जोडीदार लागेल. तुला नाचता येत नाही, माहीत आहे. तू नुसता आकडे मोज, एक दोन तीन. ते जमेल."

मी बायकोकडे पाहिलं नाही. उठलो.

त्या खरंच नाचल्या. माझ्याबरोबर दोनदा, मग इस्त्रीच्या शर्टवाल्यांबरोबर. तिसऱ्या नाचाला त्यांनी आपणहून स्वीडिश बोलायला सुरुवात केली आणि नऊ वाजता बँड थांबेपर्यंत आमची भाषा तोंडातून काढली नाही. मध्ये एकदा दम खायला बसल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तू हिशेबातला माणूस. तुला तो 'ट' दिसला होता."

मी हो म्हणालो. त्यांनी नुसता माझा ग्लास माझ्याकडे सरकवला.

रविवारी विमानात योरुनने विचारलं, "वेंकेला कळलं होतं, हे तुला वाटलं होतं का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

आता जमाखर्च. टेकडीवरचं हॉटेल, तीन खोल्या, दोन रात्री, चौदा हजार सहाशे. त्यातले निम्मे आम्ही दिले. निम्मे वेंकेने सोमवारी सकाळीच पाठवले, शेवटच्या क्रोनरपर्यंत, आणि सोबत लिहिलं, "रूलिग वीकेंडबद्दल आभार." योरुनने चष्मा लावून शेवटी 'ट' आहे का पाहिलं. नव्हता, आणि अशा वाक्यात तो दोन्ही भाषांत लागत नाही. ती अजूनही त्यावर विचार करते आहे. पाच जणांच्या टेबलाची आगाऊ रक्कम वेंकेची गेली, परत मिळत नाही. स्टाइनारने नेहमीप्रमाणे काही दिलं नाही, पण त्याला ऑक्टोबरात आईचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवावं लागलं. माझ्या नावावर 'नाही' हा एक शब्द उभा आहे, तो मी अजून फेडलेला नाही.

धक्क्यावरचा प्रवेश दोघांचा तीनशे आणि वाइनचे दोन ग्लास, दोनशे ऐंशी. ते मी द्यायला निघालो, तर सासूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या पर्समधून दिले.