ताईची पोरं

धाकटी रोज संध्याकाळी ताईला एकच प्रश्न विचारायची, "काय गं, मेली का तुझी पोरं?"

पोरं म्हणजे यीस्ट, पाव फुगवतं तेच. ताईच्या लॅबमध्ये ते चपट्या प्लेटांत वाढवून त्याला कॅन्सरचं औषध देत. बहुतेक यीस्ट मरे. जे चिवट उरे तेच लॅबला हवं असे, कारण औषधाला दाद न देणाऱ्या पेशीत नेमकं काय बदलतं, ते त्यातून कळे. आणि नशिबाची थट्टा बघा, तेच औषध धाकटीच्याही शिरेत थेंबथेंब उतरत होतं.

हे तिला सांगायची ताईला काय अवदसा आठवली कोण जाणे. तेव्हापासून धाकटीच्या डोक्यात एकच बसलं: तिकडे पोरं मेली की इकडे पोटातली गाठ विरघळणार.

"मेली गं, एकजात सगळी," ताई सांगायची. खरं तर कमी डोसच्या प्लेटांवर काही ना काही तग धरून असायचंच. पण धाकटी खुदकन हसायची, दोन घास जास्त जेवायची. त्या दोन घासांपायी ताई खोटं बोलत राहिली.

मग एका सकाळी सगळ्यात कडक डोसच्या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. लॅबची रीतच होती, असं यीस्ट उगवलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सर तर नाचायचेच बाकी राहिले.

"अहो, हसा की जरा! याचीच तर वाट बघत होतो आपण!"

ताई हसली. सगळे चहाला गेल्यावर तिने ब्लीचची बाटली उचलली, झाकणही काढलं. त्या ठिपक्यांचा तिला इतका संताप आला होता की विचारू नका. पण त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? बिचारे जगले, एवढंच. तिने बाटली जागेवर ठेवली.

घरी आली तर आई स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होती. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. औषध लागू पडेनासं झालं होतं, गाठ वाढली होती. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ताई, खरं सांग. मेली का पोरं?"

"नाही गं. वाढतायत."

"इकडेही," धाकटी म्हणाली. मग तिने विचारलं, "आधीही जगायची का?"

"काही काही जगायची."

"मग 'मेली' असं का म्हणायचीस?"

"तू जेवायचीस म्हणून."

धाकटी वळली. ताईचा हात ओढून तिने गालाखाली घेतला. गाल ओला होता.

"आजही म्हण ना," ती म्हणाली. "आईने इतकं रांधलंय, तिच्यासाठी तरी चार घास खायला हवेत."

ताईने दुसऱ्या हाताने तिचे डोळे पुसले.

"मेली गं," ती म्हणाली, "एकजात सगळी." आणि ताट वाढून आणायला उठली.