नबीभाईच्या दारातला कूलर

मी एक जुना, पत्र्याचा कूलर आहे. जुना म्हणजे किती, ते नबीभाईला विचारू नका. तो आजही छातीवर हात ठेवून सांगेल, "दोनच सीझन वापरलेला हाये, साहेब." एवढी एक गोष्ट सोडली तर माणूस सरळ आहे. पण हट्टी! त्याच्या हट्टापायी मी काय काय सोसलं, ते आज सांगूनच टाकतो.

मित्रांनो, माझा जन्म अमरावतीच्या एका वर्कशॉपात झाला. पत्रा ठोकून ठोकून मला चौकोनी केलं, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावल्या, पोटात पाण्याची टाकी आणि छोटा पंप बसवला. अकोल्याचे खुशालराव मला घरी घेऊन गेले. पहिली काही वर्षं काय कौतुक झालं माझं! मे महिन्याच्या दुपारी अख्खं घर माझ्यासमोर चटया टाकून निजायचं. आलेला पाहुणा म्हणायचा, "वा, काय हवा आहे!" मी आणखी जोरानं घरघरायचो.

पण उन्हाळा सरला की माझ्या पोटातलं पाणी काढायची कुणाला शुद्ध नसे. ते पावसाळाभर आतच कुजायचं. टाकी गंजली, गळू लागली. ओल्या अंगाला हात लावला की करंट बसू लागला. मग शिव्या कुणाला? मला! दुरुस्ती म्हटली तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण तोवर बाजारात प्लास्टिकचे गोरेगोमटे कूलर आले होते. दिवाळीच्या साफसफाईत मला रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाजवळ ठेवलं आणि माझ्या डोक्यावर एक फाटकी गादी टाकली. चार दिवस एक कुत्रं माझ्या आडोशाला निजत होतं. तेवढीच सोबत.

तिथून मला नबीभाईनं उचललं. तो अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. हातगाडी घेऊन मोर्णा नदीपलीकडच्या कॉलन्यांतून फिरायचं, लोकांनी फेकलेलं उचलायचं, दुरुस्त करायचं, रंगवायचं आणि विकायचं, हा त्याचा धंदा. दिवाळीची साफसफाई म्हणजे त्याचा सुगीचा काळ. पण त्या दिवाळीला कापसाला भावच नव्हता. कापूस शेतात पिकतो, पण त्याचा भाव पडला की शहरातल्या दुकानांवरही माश्या बसतात. लोकांनी फेकणंच बंद केलं! मोडक्या खुर्चीला वीट लावून बसू लागले. फुटक्या बादलीला डांबर लावून वापरू लागले. नबीभाई रिकामी गाडी ढकलत घरी येऊन म्हणायचा, "आता लोकं भंगारही सांभाळून ठिवून राहिले बाप्पा! आमी खायचं काय?"

मी मिळालो तेव्हा तो खूश झाला. टाकी खरवडून त्यानं आतून डांबर लावलं, नव्या ताट्या बसवल्या, वायर बदलली आणि हिरवा ऑइलपेंट मारला. त्याची बायको जहाँआरा दारात उभी राहून सगळं पाहत होती. त्या घरात लोकांचे पंखे आले आणि गेले, लोकांचे कूलर आले आणि गेले. स्वतःचा म्हणाल तर एक टेबलफॅन, तोही मानेतून लटकलेला. दिव्याखाली अंधार तो हाच!

जहाँआरा म्हणाली, "हा इकू नका. हीना पहिल्या बाळंतपणाले येऊन राहिली. दिवस मे महिन्यातले हायेत. पोरीले निदान हवा तर पाहिजे!"

"नाई इकत. हा हीनाचा," नबीभाई म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आता मी कुणाच्या तरी घरचा झालो.

एप्रिलच्या शेवटी हीना अचलपूरच्या सासरहून आली. आणि त्याच आठवड्यात पार्वताबाई आली. ती बाजारात फुलं विकते. लग्नसराई होती आणि तिचे हार दुपारपर्यंत माना टाकत होते. फुलांवर हवा सोडायला तिला कूलर हवा होता. नबीभाईकडे विकायला दुसरं काहीच नव्हतं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यानं घराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "घेऊन जा."

जहाँआरा भडकली. "जबान देली होती ना पोरीले?"

"बाळंतपणाले पैसा कोठून आणू? झाडाले लागते का?" तो ओरडला. "दुसरा भेटला का ठिवून घेऊ."

दुसरा कुठून भेटणार होता? डोंबल! कोणी फेकतच नव्हतं.

मी फुलांच्या दुकानात गेलो. तुम्हांला वाटेल, वा, काय नशीब! कसलं नशीब? मी दिवसभर परक्यांच्या लग्नांचे हार गार करत होतो, आणि इकडे नववा महिना लागलेली पोर भाजून निघत होती. माझा असा जळफळाट व्हायचा! रागानं मी एवढा खडखडलो, की आठ-पंधरा दिवसांत पंपच बंद पडला.

पार्वताबाई मला हातगाडीवर टाकून दुरुस्तीला नबीभाईच्या घरी घेऊन आली. दार उघडंच होतं. आत हीना डोक्यावर ओली ओढणी घेऊन भिंतीला टेकली होती. शेजारी बांधलेली पिशवी होती.

"कोठं चालली व माय, अशा दिवसांत?" पार्वताबाईनं विचारलं.

"अचलपूरले वापस," हीना म्हणाली. "शाहनवाज घ्याले येऊन राहिले आज. तिथं कूलर हाये. इथं मले घेरी येते मावशी, रात्रभर झोप नाई लागत."

जहाँआरा चुलीकडे तोंड करून बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून तिनं दिवाळीपासून वाट पाहिली होती. आणि आता पोर नवव्या महिन्यात एसटीचे धक्के खात सासरी निघाली होती. जहाँआरा नुसती पदरानं तोंड पुसत राहिली.

पार्वताबाईनं आतला तो टेबलफॅन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "नबीभाऊ, हा कूलर ठिवून घ्या. मले नाई पाहिजे. फुलावर गोणपाट ओलं करून टाकीन मी."

आता तरी हा माणूस हो म्हणेल असं तुम्हांला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण नबीभाई ताठ उभा राहिला. "इकलेला माल मी वापस घेत नाई. आजपावतर घेतला नाई. उद्या बाजार म्हणंन, नबीनं सडका माल इकला अन् वापस आला."

"अवो, पण पोरगी..."

"माल तुमचा हाये. पंप दुरुस्त करून देतो. घरी न्या."

"मीबी नाई नेत!" पार्वताबाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

आणि मी? भर दुपारी, गल्लीत, हातगाडीवर! पोर तिथून चार हातांवर घामानं निथळतेय, मी दारात उभा आहे, आणि कुणी मला उचलत नाही. नबीभाई माझा पंप खोलून गुपचूप दुरुस्त करत बसला. त्याची मान काही वळली नाही. जीव तुटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला हात असते ना, तर मी त्या माणसाला गदागदा हलवलं असतं!

पंप बसवून झाला. तशी जहाँआरा उठली. तिनं बाहेर येऊन हातगाडी ढकलली आणि मला नेमकं खिडकीला भिडवलं. चाकाखाली दगड लावले. दोन बादल्या पाणी माझ्या पोटात ओतलं आणि खिडकीतून वायर आत घेतली. नशीब, लाईट होती.

"काय करून राहिली?" नबीभाई ओरडला.

"कूलर घराभायेरच असते," ती म्हणाली. "माल पार्वताबाईचा, गल्ली सरकारची. तुमी कोठं घेतला वापस? बसा आता गुमान."

बटण दाबलं गेलं. मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो एवढ्या जोरानं फिरलो.

संध्याकाळी जावई शाहनवाज आला. हीना गाढ झोपली होती. जहाँआरानं त्याला दारातच चहा दिला आणि हळूच सांगितलं, "उठवू नका. जा तुमी." तो शेवटच्या गाडीनं एकटाच परतला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पत्रा आहे, कधीतरी गंजणारच. पण तुमच्या गल्लीत एखादा नबीभाई तुमची टाकलेली वस्तू गाडीवर चढवताना दिसला, तर एवढंच विचारा, "भाऊ, तुमच्या घरी आहे का ही?"