पाठीवर चेन असलेला मुळा

मी एक जुना मुळा आहे. दचकू नका मित्रांनो, खायचा मुळा म्हातारा होईपर्यंत टिकत नाही हे मलाही ठाऊक आहे. मी अंगात घालायचा मुळा. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र, आत स्पंज, डोक्यावर हिरवी पानं, तोंडापुरतं भोक आणि हात बाहेर काढायला दोन फटी. आणि पाठीवर चेन. ही चेन तेवढी लक्षात ठेवा.

गप्प पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. खुंटीवर टांगलेला असलो तरी वारा आला की माझी पानं सळसळतात आणि मला वाटतं, सुटली शर्यत. मग कळतं की कुणीतरी खिडकी उघडी ठेवली आहे.

आमचं गाव हिनोसावा. नदीच्या दोन्ही काठांना मुळ्याची शेतं. थंडी पडू लागली की बांबूच्या मांडवांवर मुळे वाळत लटकतात आणि त्याच दिवसांत गावाची अर्धी मॅरेथॉन असते. जो शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचेल त्याला पानांसकट एक ताजा मुळा मिळतो. आता बघा, हाच मुळा ज्याच्या त्याच्या परसात असतो, शेजारी नको म्हटलं तरी दारात ठेवून जातात. पण त्या एका मुळ्यासाठी शहाणीसुरती माणसं कडाक्याच्या थंडीत चड्डी घालून नदीकाठाने धापा टाकत पळतात. घरच्या मुळ्याला ती चव नसते म्हणे.

माझा धनी हिरोनोबु कायानो हा गावातल्या मोटार शिकवणाऱ्या शाळेत शिक्षक. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळायचा आणि दिवसभर म्हणत राहायचं, ‘जरा सावकाश, जरा सावकाश.’ इतकी वर्षं गाडीत बसूनही तो शाळेच्या आवाराबाहेर फारसा गेला नव्हता. तू पळतोस कशाला, असं कुणी विचारलं की तो डॉक्टरांचं नाव पुढे करी. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण मी त्याच्या छातीला लागून असायचो. त्याला एकदा तरी कुणीही ब्रेक न दाबता पुढे जायचं होतं.

पहिल्या वर्षी तो साध्या कपड्यांत धावला. तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण सानाएने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला शिवताना ती हकीकत बहिणीला फोनवर सांगितली. शर्यत गावच्या पोरांच्या शाळेच्या मैदानावर संपते आणि तिच्या वाटेवर एक पूल लागतो. ठरलेल्या वेळेला पुलाच्या तोंडाशी दोरी पडते. जो अलीकडे राहिला त्याची शर्यत तिथेच संपली. मागून येणारी बस अशांना गोळा करून शाळेच्या मागच्या फाटकाशी सोडते. कायानो अलीकडे राहिला. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. पण रस्त्याच्या कडेला झेंडी घेऊन उभ्या असलेल्या एका चिमुरडीने आईला विचारलं होतं, ‘हे काका चालताहेत की पळताहेत?’ आईने तिला गप्प केलं. ते गप्प करणं त्याला जास्त लागलं. घरी येऊन तो म्हणाला, मला काहीतरी सोंग शिवून दे.

सानाएने गादीची जुनी पांढरी खोळ काढली आणि मोडक्या हिरव्या छत्रीच्या कापडाची पानं केली. पानांत तार घातली. चेन पुढे हवी असं कायानोचं म्हणणं होतं. ती म्हणाली, मुळ्याला पोटावर चेन कुठे असते, शोभा जाईल. म्हणून चेन पाठीवर गेली. आत शिरलेल्या माणसाला ती एकट्याने उघडता येत नसे. त्या वेळी कुणाला त्याची फिकीर नव्हती.

मित्रांनो, माझी पहिली शर्यत काय सांगू! पोरं ‘मुळाकाका, मुळाकाका’ म्हणून धावत आली. म्हाताऱ्यांनी माझ्या पोटावर थापा मारून पारख केली. गावाच्या पत्रकात फोटो छापून आला, तो कायानोने आपल्या मोटार शाळेच्या कचेरीत लावला. पुलाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दोरी पडली होती, पण लोक टाळ्या वाजवतच होते. माणूस मागे राहिला तर लोक नजर चुकवतात. मुळा मागे राहिला तर त्यांना गंमत वाटते. हा फरक कायानोने त्या दिवशी हेरला. मीही हेरला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडला.

पुढच्या प्रत्येक वर्षी तेच. पुलाच्या आधी एक वळण आहे, तिथे गरम चहाची टपरी. त्या वळणावर पोरं फोटो काढायला अडवायची आणि हा थांबायचा. कुणी अडवलं नाही तर आपणच हात हलवून बोलवायचा. आत त्याची छाती धडधडत असायची आणि तोंडाने पुटपुटणं चालू असायचं, ‘जरा सावकाश, जरा सावकाश.’ तेवढ्यात दोरी पडायची.

दोरी सोडायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले तोकोरोआजोबा असत. घड्याळाच्या काट्यावर दोरी खाली टाकायची, लगेच कमरेत वाकून माफी मागायची, असा त्यांचा खाक्या. सख्ख्या पुतण्याला त्यांनी दोरीअलीकडे ठेवलं होतं. मलाही मानाचं ‘सान’ लावून म्हणायचे, ‘मुळासान, माफ करा, उशीर झाला.’ मग बस यायची. बसच्या दारातून मला आडवा करून आत कोंबावं लागे.

आणि सानाए? ती दर वर्षी शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन उभी असे. सगळे येऊन गेले की टॉवेलाची घडी घालून शाळेला वळसा घेऊन मागच्या फाटकाशी येई. तिने कधी तक्रार केली नाही. माझी चेन उघडताना नुसतं म्हणे, ‘भिजलात.’

मग गावाने जाहीर केलं की यंदाची शर्यत शेवटची. रस्त्यावर उभी राहायला माणसं मिळत नाहीत, तरुण सगळे शहरात गेले. त्या आठवड्यात सानाए माझी उसवलेली काख शिवत बसली होती. कायानो शेजारी संत्रं सोलत होता. सुई न थांबवता ती म्हणाली, ‘तुम्ही दर वर्षी पुलाआधीच्या वळणावर थांबता.’

‘पोरं हाका मारतात. थांबावं लागतं.’

‘पुलापलीकडे पोरं नाहीत का?’

कायानोने संत्र्याची एकेक शीर निवडून काढायला घेतली. ती पुढे म्हणाली, ‘थांबा बापडे. पण यंदा मी बसपाशी यायची नाही. रेषेपाशी उभी राहीन. अंधार पडेपर्यंत.’

‘अगं, ते रेषा पुसून टाकतील.’

‘टाकू देत. मी काय रेषेशी लग्न केलंय?’

तिने दोरा दाताने तोडला. संत्रं तसंच राहिलं.

शर्यतीच्या दिवशी नदीवरून बोचरा वारा सुटला होता. सुरुवातीला गर्दीत उभा राहून मी नेहमीसारखी माणसं जोखत होतो. कपड्यांवरून माणूस कळतो, विशेषतः तो काय झाकतोय ते. काळे कपडे घालणारे पोट झाकतात. जुन्या शर्यतींचे टी-शर्ट घालणारे आजची भीती झाकतात. कचऱ्याच्या पिशवीला भोकं पाडून ती अंगात घातलेले तेवढे प्रामाणिक, त्यांना फक्त थंडी वाजत असते. आणि नुकागा! कायानोच्याच शाळेतला हा शिक्षक. जाड तळव्याचे नवे बूट, पोटऱ्या आवळणारे मोजे, बाह्या वेगळ्या, चष्मा वेगळा, मनगटावर बोलणारं घड्याळ. तो आम्हाला पाहून म्हणाला, ‘कायानोसान, आज धावणार की मंडईत निघालात?’ कायानो हसला. आत त्याला घाम फुटला होता.

शर्यत सुटली. त्या दिवशी मला त्याचा नूर वेगळा वाटला. पाय तेच, चाल तीच, पण पुटपुटणं बंद. वारा माझ्या पानांत शिरून मला मागे ओढत होता, स्पंज घामाने भिजून जड झाला होता. मी त्याच्या अंगावर ओझं होतो आणि तरी मला टाळ्या हव्या होत्या. मी पुरता बेचैन झालो होतो.

वळण आलं. टपरी आली. ‘मुळाकाका, फोटो!’ कायानोचे पाय सवयीने थांबले, हात वर गेला. आणि पुलाकडून तोकोरोआजोबांचा कर्णा ऐकू आला, की दोरी पडायला थोडाच वेळ उरला आहे, सर्वांनी कृपया घाई करावी. कायानोचा हात वरच राहिला.

टपरीशेजारच्या कठड्यावर नुकागा बसला होता. खरं तर तो कधीच पुढे जायला हवा होता. पोटरीत गोळा आला होता, एक नवा बूट काढून पाय चोळत होता आणि कुणी ओळखू नये म्हणून चष्मा तेवढा डोळ्यांवर ठेवला होता. कायानो त्याच्यासमोर जाऊन पाठ करून उभा राहिला.

‘चेन उघड.’

‘इथे? लोक बघताहेत.’

‘बघू देत. उघड.’

नुकागाने चेन ओढली, ती शर्टाच्या दोऱ्यात अडकली. त्याने दात खाऊन हिसका दिला. मी टर्रकन फाटलो. मित्रांनो, त्या फाटण्याचं दुखणं आजही पावसाळी हवेत जाणवतं. कायानो माझ्यातून बाहेर आला आणि तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं की क्रमांकाचा कागद माझ्या पोटावर आहे. क्रमांकाशिवाय दोरीपलीकडे सोडत नाहीत. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्या पिना काही सुटेनात. नुकागाने एक पिन दातात धरली, दोन कुठेतरी पडल्या. शेवटी कागद एकाच कोपऱ्याने छातीवर लटकला आणि कायानो पळत सुटला.

मी नुकागाच्या हातात लोंबकळत होतो, म्हणून मला कायानोची पाठ दिसली. इतक्या वर्षांत प्रथमच. अंगात मोटार शाळेचा विटका शर्ट होता आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘सावकाश चालवा, सुखरूप पोहोचा.’ तो मजकूर पाठीवर घेऊन तो माणूस पिसाटासारखा पळत होता. लोक वाचून हसले. त्याला ते ऐकू आलं असेल, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आजोबांनी दोरी उचलून धरली होती. ती खाली आली तेव्हा कायानो पुलावर होता. पायांच्या मागे, अगदी टाचेला लागून पडली, पण मागे पडली.

मग आजोबा आमच्याकडे आले. नुकागापुढे वाकले. नंतर त्याच्या खांद्यावर पडलेल्या माझ्याकडे पाहून पुन्हा वाकले. ‘मुळासान, माफ करा. यंदाही उशीर झाला.’ नुकागा त्या दिवसात पहिल्यांदा हसला, आणि हसताना पोटरी धरून ओरडला.

बसने आम्हाला मागच्या फाटकाशी सोडलं. नुकागा लंगडत मला घेऊन रेषेपाशी गेला. सानाए टॉवेल घेऊन उभी होती. तिने आधी माझी पानं पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. मग रिकामं भोक पाहिलं. टॉवेल तिच्या हातातून गळून पडला.

नुकागा घाईघाईने म्हणाला, ‘वहिनी, घाबरू नका. ही नुसती साल आहे. आतला माणूस मागून येतोय.’

तिने टॉवेल उचलला, झटकला. मैदानावरची माणसं डुकराच्या मटणाच्या गरम सारासाठी रांगेत गेली होती. पोरं खांब उपटत होती. रेषा पुसायला आलेल्या माणसाला सानाएने नुसत्या नजरेने थांबवलं.

तो आला तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. विटक्या शर्टातला, थकलेला, कुणीही असू शकेल असा एक माणूस. एकही टाळी वाजली नाही. ज्या गोष्टीला तो इतकी वर्षं भीत आला, ती अगदी जशीच्या तशी घडली, आणि तो रेषा ओलांडून उभा राहिला. मुळ्यांच्या टोपलीत एकच उरला होता, वेडावाकडा, खाली दोन पाय फुटलेला. तो त्याला मिळाला.

‘कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत,’ तो धापा टाकत म्हणाला.

सानाएने टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. ‘टाळ्या हव्यात की आंघोळीचं गरम पाणी?’ असं म्हणून तिने मुळा त्याच्या हातातून काढून घेतला आणि उराशी धरला. मला ती तसं कधी धरत नसे. मला राग आला, मग राग गेला.

पुढे बराच काळ मी कपाटावर दुमडून पडलो. स्पंजाला कुबट वास लागला, पानांवर धूळ बसली. मग बालवाडीच्या नाटकाला मुळा हवा झाला. सानाएने मला उन्हात घातलं, फाटलेलं शिवलं, आणि चेन पाठीवरून उसवून पोटावर लावली. कायानो म्हणाला, मुळ्याला पोटावर चेन शोभत नाही ना? ती म्हणाली, ‘शोभेचं राहू दे आता. पोरांना आपलं आपण बाहेर येता आलं पाहिजे.’

आता मी बालवाडीत असतो. शर्यत बंद झाली, पण रोज सकाळी खिडकीखालून एका माणसाची पावलं जातात. छातीवर क्रमांक नाही, अंगात सोंग नाही, पाठीवर तोच मजकूर. पावलं लांब जाईपर्यंत माझी पानं हलत राहतात.

मित्रांनो, मला ओलं घडी करून ठेवू नका. पानांची तार पिळू नका. माझ्यात शिरा, उड्या मारा, लोकांना हसवा. पण ज्या दिवशी माझ्यात लपावंसं वाटेल, त्या दिवशी चेन ओढा, ती आता हाताशी आहे. आणि तुमच्यापैकी कुणाची अजून पाठीवरच असेल, तर शेजारच्यापुढे पाठ करून उभं राहायला लाजू नका.