आईचा हलका मजला

आईने किटली कपापासून चांगली दोन बोटं बाजूला धरली आणि चहाची धार सरळ टेबलावर पडली.

मोठ्या चाकासारख्या फिरणाऱ्या त्या अंतराळवस्तीत धार नेहमी किंचित तिरकी पडायची. त्यांचं घर होतं त्या तळमजल्यावर माणसाचं वजन पूर्ण भरायचं, तिथे हा तिरकेपणा जेमतेम जाणवायचा. वर, आसाजवळच्या हलक्या मजल्यावर मात्र तो चांगलाच असे, आणि तिथे राहणाऱ्यांचा हात नकळत तसा वळायचा.

"आई, तू वर झोपतेस?" मुलीने विचारलं.

"छे गं! जरा फिरायला जाते."

"फिरून हात असा वळत नाही. मुक्काम लागतो."

आईने फडकं घेतलं आणि टेबल नको तितकं स्वच्छ पुसलं.

मुलगी दवाखान्यात लोकांची हाडं तपासायची. दुपारी तिने आईला धरूनच नेलं. वर अंगावर वजन पडत नसल्याने पायांची हाडं बरीच विरळ झाली होती. गुडघे बदलायला डॉक्टर गेली चार वर्षं मागे लागले होते. आता हाड आणखी झिजलं तर नवे सांधे बसवायला आधारच उरणार नव्हता. मग तळमजला कायमचा बंद.

गंमत म्हणजे आई शाळेत कवायतीच्या बाई होत्या. "उड्या मारा, नाहीतर हाडांचा भुसा होईल!" असं ओरडत त्यांनी अख्ख्या वस्तीला घाम फोडला होता. माघारी सगळे त्यांना उड्याबाई म्हणत. डॉक्टरही त्यांचेच विद्यार्थी. ऑपरेशनचं नाव काढलं की बाई म्हणायच्या, "आधी पायाचे अंगठे धरून दाखव." डॉक्टरांचं पोट आड यायचं आणि विषय तिथेच संपायचा.

संध्याकाळी आई घरातून पुन्हा गायब. मुलगी लिफ्टने वर गेली. हलक्या मजल्याच्या गल्लीत चार-पाच म्हातारे दोरीवरच्या उड्या मारत होते. मधोमध आई. ती हवेत होती आणि तिला खाली यायची अजिबात घाई नव्हती.

"बघ!" वरूनच आई म्हणाली. "एक कळ नाही गुडघ्यात. मी इथेच राहणार."

"राहा. पण लहान मुलांना वर बंदी आहे, ठाऊक आहे ना? नात तुला फक्त पडद्यावर दिसेल."

"दिसू दे. गोड दिसते ती पडद्यावर."

मुलगी परत निघाली. जाता जाता म्हणाली, "बाबा तिला उडी शिकवतायत. गुडघे न वाकवता."

आई जमिनीवर टेकली. "न वाकवता? त्या माणसाला काडीची अक्कल नाही! थांब, मी येते!"

लिफ्ट खाली निघाली. "रोज येऊन शिकवते तिला," आईने बजावलं. मजले गेले, वजन वाढलं.

"एक दिवसाआड आले तरी पुरे."

आणखी मजले. आईने कठडा पकडला. "आठवड्यातून एकदा. नीट शिकवलं की पुरतं."

तळमजला जवळ आला. आई गुडघे धरून हळूहळू भिंतीला टेकत खाली बसली आणि कुठेतरी भलतीकडेच पाहू लागली.

दार उघडलं. समोर आजोबांचं बोट धरून नात उभी, पाय काठीसारखे ताठ. आजीला पाहून ती जागच्या जागी उसळली आणि दणकन बसली.

"वाकव! गुडघे वाकव!" आई कळवळून ओरडली.

"ओरडतेस काय?" बाबा म्हणाले. "करून दाखव की तिला."

आईने कठडा धरून जोर लावला. अर्धी उठली, परत बसली. पुन्हा जोर लावला. मुलगी हात द्यायला वाकली, तसा आईने तो बाजूला सारला. नात रांगत लिफ्टच्या दाराशी आली आणि आजी आता काय करते ते बघू लागली.

आईने एक मोठा श्वास सोडला.

"सांग तुझ्या त्या ढेरपोट्या डॉक्टरला," ती म्हणाली. "बदलून घेते मी गुडघे. दोन्ही."