तांदळात लिहिलेलं नाव

भाईंदर स्टेशनसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर उर्मिला साटम यांचं ऑफिस होतं. बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. सहा वर्षं औषधाच्या कंपनीत नमुने तपासले, संध्याकाळच्या कॉलेजात कायदा केला आणि अठ्ठ्याऐंशी साली सनद घेतली. तेव्हा वाटलं होतं, आता कोर्ट गाजवायचं. पण पहिला अशील आला तो आखातात, दोह्याला निघालेला वेल्डर. करारपत्र तेवढं वाचून द्या म्हणाला. उर्मिलाने प्रयोगशाळेतल्या सवयीने ते दोनदा वाचलं आणि त्याला दाखवून दिलं, की कागदावर तो वेल्डर नाही, हमाल आहे. त्याने करार बदलून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मेव्हण्याला घेऊन आला. गाडी तिकडे वळली ती वळलीच.

आठ वर्षांत तिने दीडएकशे माणसं परदेशी धाडली. प्रत्येकाने पेढे दिले, "पोचल्यावर पत्र टाकतो" म्हणून सांगितलं. उर्मिलाने त्यासाठी एक फाइलही केली होती, 'पोचल्याची पत्रं' अशी चिठ्ठी लावून. ती अजून रिकामीच होती.

शहाण्णवच्या जूनमध्ये सुगंधाबाई पाष्टे तिच्यासमोर येऊन बसल्या. तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. मुलगा अमोल न्यू जर्सीत इंजिनियर, आता तिथला नागरिक झालेला. त्याने आईला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज केला होता. पण मुलाखतीत गोऱ्या साहेबाने कागद परत दिले होते, आणि महिन्याभराची मुदत.

"काय चुकलं तेच कळत नाही, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "दुपारभर पंख्याचा आवाज ऐकत बसते. बंद केला तर त्याहून वाईट वाटतं."

उर्मिलाने अर्ज पाहिला. आईचं लग्नाआधीचं नाव या रकान्यात अमोलने लिहिलं होतं: सुगंधा बाबाजी शिगवण. आणि शाळेच्या दाखल्यावर होतं: गोदावरी बाबाजी शिगवण.

"सुगंधा हे नाव सासरचं ना?"

"हो. लग्नात ठेवलेलं."

"म्हणजे सुगंधा शिगवण नावाची बाई कधी जन्मलीच नाही. अमोलला तुमचं माहेरचं नाव माहीत नाही?"

सुगंधाबाई जरा हसल्या. "त्याने कधी विचारलं नाही. मी कशाला सांगू?"

साहेबाला काय कळणार? नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, मग तेच तांदूळ घरात शिजतात. पुरावा जेवणात संपतो. उर्मिलाच्या स्वतःच्या कागदांत असला घोळ नव्हता. जन्मदाखल्यापासून सनदेपर्यंत एकच नाव, अडतिसाव्या वर्षीही.

"त्या लग्नाला हजर असलेलं, दोन्ही नावं ठाऊक असलेलं कुणी आहे? त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल."

भाऊ वारला होता. मैत्रिणी कुठे गेल्या, पत्ता नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "मोठी जाऊ आहे. अनसूया. काशीमीऱ्याला लेकाकडे असते. पण आमचं बोलणं नाही."

"का?"

"त्यांच्या यजमानांच्या तेराव्याला मी म्हणाले, आमटी पाणचट झालीय."

रविवारी दोघी बसने काशीमीऱ्याला गेल्या. हायवेलगत लेकाचं गॅरेज आणि त्याच्यामागे दोन खोल्या. दारात पांढऱ्या केसांची बाई शेंगा सोलत होती.

"अगोबाई! अमेरिका दारात आली!"

"बऱ्या आहात ना, जाऊबाई?"

"बरी आहे. चहा देते, पण तो पाणचट लागेल हो तुला."

"अकरा वर्षं झाली त्याला."

"बारा. गणपतीत बारा होतील."

उर्मिलाने कागद काढला. "तुम्ही यांच्या लग्नात होतात?"

"होते म्हणजे? ताट मीच धरलं होतं! हिच्या नवऱ्याने अंगठी अशी फिरवली, निम्मे तांदूळ माझ्या पदरात."

"आधीचं नाव काय होतं यांचं?"

सुगंधाबाईंनी तोंड उघडलं. उर्मिलाने हातानेच त्यांना थांबवलं.

म्हातारीने शेंगा बाजूला ठेवल्या. "गोदी. माझ्या माहेरच्या शेजारच्या वाडीतली. परकरात असल्यापासून ठाऊक आहे. काय गं गोदे?"

"ओ," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच दचकल्या.

एकोणचाळीस वर्षांत सासरच्या कुणीच त्यांना त्या नावाने हाक मारली नव्हती.

उर्मिलाने पेन पुढे केलं. अनसूयाबाईंनी ते घेतलं, पण टेकवलं नाही.

"सही केली की ही जाणार?"

"व्हिसा मिळाला तर."

"आणि नाही केली तर?"

"मग अवघड आहे."

बाहेरून एक ट्रक गेला, मांडणीवरची भांडी थरथरली. ती थांबेपर्यंत म्हातारी पेन बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "बोलत नव्हते, पण भाईंदरात आहे हे माहीत होतं. आता मी कुणाशी बोलायचं नाही?"

अनसूयाबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. दुसऱ्या दिवशी नोटरीसमोरही आल्या, लेकाच्या स्कूटरवर, नवं लुगडं नेसून.

व्हिसा मिळाला. ऑगस्टमध्ये सुगंधाबाई पेढे घेऊन आल्या. "पोचल्यावर पत्र टाकते," म्हणाल्या. उर्मिलाने नेहमीसारखी मान हलवली.

दिवाळीनंतर पत्र आलं. परदेशी तिकिटं, पाकिटावर टपोऱ्या मराठीत तिचं नाव. हातातलं काम टाकून उर्मिलाने ते फोडलं.

'जाऊबाईंस साष्टांग नमस्कार. तुमच्या गॅरेजमागच्या घराचा पत्ता मला लिहिता येईना, म्हणून वकीलबाईंकडे धाडते. त्या आणून देतील. अमोल आणि सूनबाई सकाळी कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात. इथे पंखाही नाही. काल आमटी केली, पाणचट झाली. सांगायला कुणी नव्हतं. तुमची, गोदी.'

उर्मिलाने कागद उलटा करून पाहिला. पाकीट टेबलावर झटकलं. आणखी काही नव्हतं.

तिने 'पोचल्याची पत्रं' लिहिलेली फाइल काढली आणि ते रिकामं पाकीट तिच्यात लावलं. नाव तर तिचंच होतं. मग पत्राची घडी पर्समध्ये ठेवून, ऑफिसला कुलूप घालून ती काशीमीऱ्याच्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.