शाहीनचा भोंगा

नरसिंग जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता, पण गावोगावची माणसं त्याला डॉक्टरच म्हणायची. डॉक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचे, कारण त्यांची गाडी कधी बंदच नसायची. लाल रंगाची, पुढं ओणवं होऊन चालवायची, ‘शाहीन’ नावाची ती शर्यतीची मोटारसायकल त्यानं नांदेडात जुनी घेतली. घेतल्यावर कळलं, कंपनीनं ते मॉडेल कधीचंच गुंडाळलंय.

तापलेली शाहीन एकदा बंद केली, की माणसाची दुपारची झोप होईस्तोवर पुन्हा चालू व्हायची नाही. म्हणून नरसिंग गोठ्यात म्हशीचं अडलेलं रेडकू ओढत असला तरी बाहेर गाडी आपली धडधडत उभी. म्हैस बुजायची. मालक म्हणायचा, “डॉक्टर, जरा बंद करा की तिला.”

“तुमची म्हैस मोकळी हुईल,” नरसिंग म्हणायचा, “मी हितंच अडकून पडंन.”

सुटे भाग तर मिळतच नव्हते. क्लचची तार ट्रॅक्टरची होती, रेडिएटरची नळी फवारणीच्या पंपाची. आणि हॉर्न नांदेडच्या भंगारातून आणलेला, मोडीत निघालेल्या पाण्याच्या टँकरचा. त्या भोंग्याची वायर कुठंतरी आत घासत होती. हँडल उजवीकडं वळलं की भोंगा आपोआप सुरू व्हायचा आणि डावीकडं पुरतं वळवल्याशिवाय थांबायचा नाही. नरसिंगला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उजवीकडं वळलं, की जरा पुढं जाऊन डाव्या हाताला एक घिरटी घ्यायची, गप करायचं, वाटेला लागायचं.

“बायकोचं एक आयकत न्हाई,” चांगुणा म्हणायची, “हिच्यापायी मात्र गोल गोल फिरतेत.”

तो लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. जळकोटकडच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि शाहीनचा रेडिएटर गळत होता. प्यायचं पाणी गाडीला द्यायला चांगुणा तयार नव्हती. ती तांदूळ धुतलेलं पाणी बाटलीत भरून द्यायची. चढ लागला की गाडीला पेजेचा वास सुटायचा.

अशात धोंडप्पा आले. बाजारात त्यांचं भुसार दुकान होतं आणि नव्या जिल्ह्याच्या कृती समितीचे ते अध्यक्ष होते. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जळकोटहून उदगीरला मोटारसायकलींची रॅली निघणार होती.

“डॉक्टर, म्होरं तुमची गाडी. मी मागं झेंडा धरून बसतो,” आप्पा म्हणाले. “समद्या तालुक्यात असली वाघावानी गाडी न्हाई.”

“आप्पा, ती बंद पडली तर चालू व्हत न्हाई.”

“मग थांबायचंच कशाला? पुढारी थांबला की मागचे घरी जातेत. मी लई बघितलंय.”

रॅली निघाली. गावाबाहेर रस्ता उजवीकडं वळला, आणि भोंगा सुरू झाला. पुढं सरळ रस्ता. डावीकडं घिरटी घ्यावी, तर मागं तीसचाळीस गाड्या दाटीवाटीनं चिकटलेल्या.

“चांगलं वाजायलंय!” आप्पा कानात ओरडले.

धामणवाडी आली. रस्त्याच्या कडेला रिकाम्या घागरींची रांग लागलेली, टँकर यायचा तो तीन दिवस आला नव्हता. भोंगा ऐकताच घराघरातून बाया धावत सुटल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत लेकरू. पुढं लाल गाडी, मागं धुरळा, आणि भोंगा टँकरचा. टँकर धुरळ्यात असणार! “आरं थांब! थांब!” करत त्या घागरी हलवायला लागल्या.

आप्पांचा ऊर भरून आला. त्यांनी झेंडा उंच केला. “बघा डॉक्टर, बायामाणसंसुद्धा जिल्हा मागायलीत!”

“आप्पा, त्या पाणी मागायल्यात.”

भोंग्यात ते आप्पांना ऐकू गेलं नाही. नरसिंगला थांबावंसं वाटत होतं. पण थांबून सांगायचं काय? की बायांनो, हे पाणी नाही, ही माझी गाडी आहे? त्यानं मान खाली घातली आणि गाडी हाकली. आरशात बघितलं, तर सरजाबाई नावाची एक दणकट म्हातारी बाजाराला निघालेला टेंपो आडवी जाऊन थांबवत होती. मागच्या बाया घागरींसकट टेंपोत चढत होत्या.

पुढच्या गावातही तेच झालं, तिथं ट्रॅक्टर होता. त्याच्या पुढच्या तांड्यावर दोन जीप होत्या. उदगीर जवळ आलं तेव्हा रॅलीतल्या मोटारसायकली घागरींच्या मधोमध सापडल्या होत्या.

प्रांत कचेरीच्या फाटकापाशी शाहीननं एक आचका दिला, पेजेची वाफ सोडली आणि स्वतःच बंद पडली. भोंगाही गेला. एवढी शांतता झाली, की आप्पांनी दचकून “उदगीर जिल्हा” म्हटलं ते साऱ्या रस्त्याला ऐकू आलं. “झालाच पाहिजे” म्हणायला मात्र कुणी नव्हतं; रॅलीतले गडी मागं घागरींत अडकले होते. सरजाबाई घागर घेऊन समोर उभी होती.

“टँकर कुटं हाय?”

“माय, जिल्हा झाला की समदं...” आप्पांनी सुरुवात केली.

“जिल्ह्यात पाणी असतंय का?”

आप्पांनी नरसिंगकडं बघितलं. नरसिंगनं गाडीकडं बघितलं.

“मावशी, चूक माझ्या भोंग्याची हाय,” तो म्हणाला. “तो टँकरचा हाय, पर टँकर न्हाई.”

सरजाबाईनं शाहीनभोवती एक फेरी मारली, वाकून भोंग्यात डोकावून बघितलं, जणू आत घोटभर तरी असेल. मग बायांना म्हणाली, “आलोच हावोत तर बसा.” शे-दीडशे बाया फाटकात घागरी मांडून बसल्या.

प्रांतसाहेब बाहेर आले. “काय मागणी आहे?”

“जिल्हा!” आप्पा म्हणाले.

“पाणी!” बाया म्हणाल्या.

साहेबांनी दोन्हीकडं बघितलं. “जिल्हा माझ्या हातात नाही. टँकर आहे.” ते आत गेले, फोन झाले, आणि चहा प्यायच्या आत दोन भरलेले टँकर फाटकाशी येऊन उभे राहिले. खेड्यांची वाट ड्रायव्हरांना ठाऊक नव्हती. ती दाखवायला आप्पांनाच पुढच्या केबिनमध्ये बसवलं गेलं. निवेदन त्यांच्या खिशातच राहिलं. धामणवाडीत नळी धरायला कुणी नव्हतं, तर सरजाबाईनं ती आप्पांच्या हातात दिली. परीटघडीचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. पण बायांनी “आप्पा, हिकडं! आप्पा, माझी ऱ्हायली!” असा जो गलका केला, तसा त्यांच्या एकाही सभेत झाला नव्हता. पाऊस पडेपर्यंत ते एक दिवसाआड टँकरबरोबर हिंडत राहिले. जिल्ह्याचं म्हणाल, तर तो त्या साली झाला नाही.

नरसिंग मात्र त्या दुपारी फाटकापाशीच बसला होता, गाडी गार व्हायची वाट बघत. परतीचा टेंपो निघता निघता सरजाबाई त्याच्याकडं वळली.

“तू जनावराचा डॉक्टर ना रं? माझी शेळी दोन दिस झालं रवंथ करंना. येतूस का?”

“येतो की. पर गाडी?”

“तिला काय हुतंय?”

नरसिंगनं विचार केला. किल्ली तशीच गाडीला ठेवली, औषधांची पिशवी उचलली आणि टेंपोत घागरींच्या मध्ये जाऊन बसला. कुणी चोरलीच, तर फार लांब नेता येणार नव्हती.