खुर्चीवरच्या फायली

घरपोच मदत पुरवणाऱ्या त्या संस्थेत ताईंच्या टेबलासमोरची खुर्ची कधी रिकामी नसे. बंद करायच्या फायली त्या तिच्यावर टाकत. कुणी भेटायला आलं की गठ्ठा उचलावा लागे, नावं पुन्हा डोळ्यांखालून जात, आणि मनात पाल चुकचुकली की ताई फोन लावत. याला कुणी काम म्हणत नव्हतं, पसारा म्हणत.

सगळं संगणकावर न्यायचं ठरलं तेव्हा प्रोग्रामरबाईंनी विचारलं, "फाईल बंद करण्याआधी काय करता?"

"काय करणार? मदत अजून हवी का, असं पत्र पाठवतो. उत्तर आलं नाही की बंद," ताई म्हणाल्या. खुर्ची त्यांच्या डोक्यातही आली नाही. आपण श्वास घेतो हे का कुणी सांगत बसतं?

प्रोग्रामने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. मोबाइलवर मेसेज पाठवला, वाट पाहिली, केस बंद केली आणि मदतनिसाला कळवलं, उद्यापासून जाऊ नका. सगळं आपोआप. टेबल लख्ख झालं आणि ताईंना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं.

मग एका सकाळी प्रोग्रामरबाई आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. ताईंचे हात सवयीने गठ्ठा उचलायला पुढे झाले आणि तसेच राहिले. गठ्ठा नव्हताच; म्हणजे ती नावंही कुणाच्या डोळ्यांखालून गेली नव्हती.

"काल काय काय बंद झालं, दाखवा बरं," ताई म्हणाल्या.

त्यात शिंपीकाका होते. एकटा जीव, पायांनी अधू. मदतनीस उठवून बसवेल तेव्हा उठायचं. अक्षर दिसत नाही, ते मेसेज कसले वाचणार! ताईंनी लगेच नंबर फिरवला. फोन कुणी उचलेना.

दोघी धावतपळत गेल्या. शेजारणीने किल्लीने दार उघडलं. काका पलंगावरच होते, फोन लांब खिडकीपाशी.

"मला वाटलं, तुमच्याकडे मी मेलो म्हणून नोंद झाली," काका हसले. "म्हटलं, आता कळवायचं कसं?"

ताईंना हसू येईना. "चूक माझी आहे, काका," म्हणत त्यांनी त्यांना उठवून बसवलं.

मदतनीस दुपारीच परत आली. प्रोग्रामरबाईंनी प्रोग्राममध्ये एक थांबा घातला: संस्थेतल्या माणसाने स्वतः फोन केल्याशिवाय केस बंद होणार नाही.

"नाव काय देऊ याला?"

"खुर्ची."

संध्याकाळी पहिली केस तिथे येऊन थांबली. ताईंनी फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली, तरी त्यांनी ठेवला नाही.

"कोण?" पलीकडून दमलेला आवाज आला.

"संस्थेतून बोलतेय. काही नाही हो, आहात ना, एवढंच विचारायचं होतं."